एका पात्यावरचं रेडियम

वैजनाथ सर लातूरच्या आयटीआयमध्ये पोरांना फिरत्या चाकाचा तोल कसा साधायचा ते शिकवतात. स्वतःच्या रिमोटवरच्या हेलिकॉप्टरची शेपटी मात्र त्यांना कळली नाही. कळली असती, तर आज नांदेडच्या एसटीत असं तोंड लपवून बसायची पाळी आली नसती.

शेपटीचा तो वीतभर पंखा मिनिटाला दहा हजार फेरे घेतो. दर पंधरा दिवसांनी त्याची थरथर वाढायची, बेअरिंग कुरकुरायचं, शाफ्ट झिजून डुगडुगायचा. शाफ्ट कातून द्यायचा नांदेडचा लेथवाला फारूक. केसाएवढा फरक बोटाला कळणारा माणूस. सर पाती घरी ठेवून नुसता झिजलेला शाफ्ट न्यायचे. तिसऱ्या खेपेला त्यांचा पारा चढला. दुकानात चार गिऱ्हाइकं चहा पीत होती, त्यांच्यासमोरच ते ओरडले, "नजर गेली असंल तर तसं सांगा, फारूकभाई! दुसरा माणूस बघतो."

फारूकनं पुन्हा नवा शाफ्ट कातून दिला.

सरांनी रागानं तो दोन महिने तसाच ठेवला. गेल्या रविवारी बसवून हेलिकॉप्टर उडवलं. आधी थरथरलं आणि मग एकाएकी शांत झालं. उतरवल्यावर गवतात रेडियमची चमकती पट्टी सापडली. फिरताना झळकावं म्हणून त्यांनीच हौसेनं ती चिकटवली होती, दोनपैकी एकाच पात्यावर. तेवढ्या वजनानं तोल बिघडायचा आणि शाफ्ट खाल्ला जायचा. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुकानात पोचले, तर फारूक ट्रॅक्टरची जाडजूड पिन कातत होता. नाकावर जाड काचांचा चष्मा.

"बारीक काम नाही का आज?" सरांनी उगाच विचारलं.

"सोडलो, सर. तुमी म्हनला ना, तवाच. आता मोठं मोठंच करून राहिलो."

बाकावर आजही तिघेजण चहा पीत होते. हे उठल्यावर सांगू, असं सरांच्या मनात आलं, आणि त्याचीही त्यांना लाज वाटली. ओरडताना कुठं दुकान रिकामं व्हायची वाट पाहिली होती? त्यांनी मूठ उघडली.

"चूक माझी होती, फारूकभाई," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "ही पट्टी मीच एका पात्यावर लावली होती. तुमच्या कामात काही खोट नव्हती."

फारूकनं पट्टी बोटावर घेऊन पाहिली. मग हळूच चष्मा काढला आणि डोळे चोळले.

"डागदर म्हनला व्हता, नजर चांगली हाय, चष्मा लागत न्हाई. म्या म्हनलो, सर शिकलेले हायत, उगं कशाला बोलतील? बाजारातनं हट्टानं घेतला. लई डोकं दुखतंय ह्यानं."

त्यानं चष्मा घडी करून खोक्यावर ठेवला. सरांना तिकडं बघवेना.