हाक मारायची नाही

सावली गावाच्या रस्त्यावर रानडुक्कर आडवे आले आणि प्रवीण दुचाकीवरून डोक्यावर आपटला. आता चंद्रपूरच्या अतिदक्षता विभागात त्याच्या उशाशी उभी असलेली त्याची आजी, इंदुताई, संतापाने थरथरत होती. जो डोळे उघडत नाही त्यालाच हे लोक झोपेचे औषध देतात! इंदुताईच्या घराण्यात बेशुद्धाच्या कानाशी नाव घेऊन हाक मारतात. हाकेने जीव माघारी वळतो.

"प्रवीण! ऊठ बाबू!" ती कडाडली.

उशाजवळच्या यंत्राच्या पडद्यावरचा आकडा झपकन चढला आणि यंत्र किंचाळू लागले. परिचारिका रंजीता धावत आली.

"आजी, हाक नका मारू. मेंदू सुजून राह्यला, कवटीत जागा नाई. आवाजानं आतला दाब वाढते, हा आकडा त्याचाच. थो उतरावा म्हणून आम्हीच त्याले झोपवलं."

"मले चूप करते? माझ्या नातवाजवळ?"

"चूप राहून पाहा ना, आकडा उतरते."

आकडा खरोखरच उतरू लागला. इंदुताईच्या अंगाचा तिळपापड झाला. उभ्या गावाला दरडावणारा आपला आवाज नातवालाच बाधावा, हा केवढा अन्याय! पण तिने ओठ मिटले.

इतक्यात धाकटे दीर गुणवंतराव आत आले आणि "प्रवीण बाबू रे!" म्हणायला त्यांनी तोंड उघडले मात्र, इंदुताईने त्यावर हात दाबून त्यांना दाराबाहेर लोटले.

"एक शब्द काढला ना भाऊजी, तर घरात पाय ठेवू देणार नाई," ती कुजबुजली. जन्मात पहिल्यांदाच ती कुणावर कुजबुजत संतापली होती, आणि तिला त्याचाही राग आला होता.