गोदाबाईच्या मळ्यातली पेशी

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता त्या काळची ही गोष्ट. पुढे वच्छलाबाई अकोल्याच्या मुलींच्या शाळेत शिकवू लागल्या. वर्गात पेशीचा धडा आला, की त्यांचं मन हटकून अमरावतीच्या एका रविवारात जाऊन बसे.

तेव्हा वच्छला एकोणीस वर्षांची होती. बाळापूरला नदीकाठी भाजीपाला पिकवणाऱ्या सहदेवची ही एकुलती एक मुलगी अमरावतीच्या वसतिगृहात राहून मास्तरीण व्हायला शिकत होती. सोमवारी परीक्षकबाईंसमोर तिला वर्गावर पाठ द्यायचा होता. विषय निघाला, 'पेशी आणि तिचे भाग'. शाळेत सूक्ष्मदर्शक यंत्र नव्हतं. डोळ्यांना न दिसणारी वस्तू दहा-बारा वर्षांच्या पोरींना समजवायची कशी, या विचारानं तिला दोन दिवस जेवण गोड लागलं नव्हतं.

त्या रविवारी अंबादेवीच्या दर्शनाला आलेली पार्बताकाकी तिला भेटायला वसतिगृहात आली. पार्बताबाई म्हणजे तिच्या गोवर्धनकाकाची बायको. अक्षरओळख नव्हती, पण तोंड भारी फटकळ. तिनं फडक्यातून भाकरी, ठेचा आणि कांदे काढले आणि पुतणीचा चेहरा पाहून म्हणाली, "काहून वं, तोंड काहून उतरलं तुहं?"

वच्छलानं कांदा फोडला, त्याच्या पाकळीचा पातळ पापुद्रा सोलून काकीच्या तळहातावर ठेवला. "काकी, यात हजारो घरं हायेत. एकेका घराले पेशी म्हनतात. तेच उद्या शिकवाचं हाये."

"मंग सांग मले. मले समजलं तं कोनालेबी समजन."

वच्छलानं पुस्तक मिटलं. काकीला समजेल असं तिच्याजवळ काय होतं? मळा. ती म्हणाली, "असं समज, पेशी म्हंजे आपला मळा. भोवताल कुंपन, ते पेशीचं कवच. आत ओली माती, ते जीवद्रव्य. पान्याचा हौद असते तशी पेशीतबी पानी साठवाची जागा असते. हिरव्या पानाच्या पेशीत तं चूलबी असते. उन्हावर अन्न शिजवते."

"लाकडं नाई लागत?"

"नाई."

"बरं हाये बाप्पा!" काकी म्हणाली. मग तिनं विचारलं, "पन कुंपन तं फक्त शेळी अडवते. पानी कोनतं आत घ्याचं, भाजीची पाटी कोनती बाहेर धाडाची, हे कोन पाह्यते? फाटकावर मानूस नाई तुह्या मळ्यात?"

वच्छलानं घाईनं पुस्तक उघडलं. कवचाच्या आत एक नाजूक पडदा असतो आणि काय आत येऊ द्यायचं, काय बाहेर जाऊ द्यायचं हे तो ठरवतो, असं तिथं स्पष्ट लिहिलं होतं. तिनं कवच आणि पडदा एकच धरले होते.

"अन् मधात केंद्रक," ती जरा ओशाळून म्हणाली. "त्याच्या सांगन्यानं सारा मळा चालते. ते म्हंजे आपले बाबा."

काकी पदर तोंडाला लावून हसली. "तुहे बाबा? अवं, मिरची कवा लावाची हेबी ते तुह्या मायले इचारत!"

वच्छलाची आई गोदाबाई तापानं गेली त्याला चार वर्षं झाली होती. कोणत्या वाफ्यात काय, कोणतं बी कोणत्या नक्षत्रावर, सारं गोदाबाईच्या डोक्यात. काळोख्या कोपऱ्यात तिची बियाण्याची गाडगी रांगेनं असत. घरात कुणी त्यांना हात लावत नसे.

"पुस्तकात लिवलं हाये," वच्छला हळूच म्हणाली, "केंद्रक काढलं तरी पेशी लगेच मरत नाई. काही दिवस जगते. पन वाढत नाई, अन् तिच्यापासून दुसरी होत नाई."

"खरं हाये. तुही माय गेली त्या साली वांगी आलीच होती. लोक म्हने, काईच बिघडलं नाई. दुसऱ्या साली बियाले कीड लागली अन् तुहे बाबा बांधावर नुसते बसून राहत."

"मंग मळा पुन्हा उभा कसा झाला?"

काकीनं भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "वाटनीच्या वक्ती दोघं भाऊ बांधासाठी भांडत होते. तुह्या मायनं मले आत बलावलं. एकेक गाडगं रितं केलं, दर बियाचे दोन भाग केले अन् माह्या भागाच्या फडक्यात गाठी बांधून देल्या. मी म्हनलं, बाई, मले वांगी-मिरची पुरे. तं म्हने, नाई पार्बता, सारं ने. एकबी जात राह्यली तं तुहा मळा लंगडा होईन." काकीनं तुकडा पुन्हा उचलला. "तुमचं बी किडलं तवा तेच बी मी परत आनून ठेवलं. माह्याजवळ सारं होतं ना!"

पेशी दुभंगण्याआधी केंद्रकातलं सगळं दुप्पट होतं आणि दोन्हींकडे पुरतं जातं, हे वच्छलाला तोंडपाठ होतं. आता पुस्तकातली तीच ओळ तिला पुढं वाचवेना.

सोमवारी तिनं फळ्यावर पेशीचा मळा काढला. फाटकावर कोण, चूल कुठं, हे पोरी ओरडून सांगू लागल्या. एकीनं विचारलं, "बाई, केंद्रक काढलं तर?" वच्छलानं उत्तर दिलं, पण तोंडून 'कुंपण'ऐवजी घरचं 'कुंपन' निघून गेलं. परीक्षकबाईंनी शेरा लिहिला, 'भाषा ग्रामीण. विषय मुलींना उत्तम समजला.' वच्छला पास झाली.

सुटीत ती बाळापूरला गेली. बाबा वाफ्याला पाणी देत होते. तिनं गाडग्यांचं विचारलं, तसा त्यांचा हात थांबला.

"तुले कोनं सांगतलं?"

"काकीनं."

"बी घेऊन आली त्या दिवशी एक शबुद बोलली नाई ती," बाबा म्हणाले. "वाटनीपासून मी त्याहीच्या घराचं पानीबी पेलो नोतो. तिनं गाडगी ठेवली अन् चालली गेली. उघडून पाह्यलं तं तुह्या मायनं बांधलेल्या गाठी."

गोदाबाई गेल्यापासून घरात तिचा विषय कधी निघाला नव्हता. त्या दुपारी बाबा आंब्याखाली बसून लेकीला तिच्याबद्दल सांगत राहिले. लग्न होऊन आली तेव्हा तिला साधा वाफा बांधता येत नव्हता, इथपासून. पाणी पाटातून भलतीकडेच वाहून चाललं होतं. दोघांपैकी कुणीही उठलं नाही.