हबक्कूकचं कार्ड

शनिवारी सकाळी अप्पांनी हबक्कूकचं कार्ड तिसऱ्यांदा वेदश्रीपुढे सरकवलं.

धारवाडच्या एका मिशन शाळेत शिकवताना मुलांनी विचारलेल्या नावांचे अर्थ ते जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर टिपत आले होते. आता त्यांचं पुस्तक व्हायचं होतं. नियम एकच: एकानं लिहायचं, दुसऱ्यानं मोठ्यानं वाचून लाल खूण करायची. खुणेशिवाय कार्ड डब्यात जात नसे.

"'हबक्कूक. हिब्रू संदेष्टा. अर्थ, मिठी मारणारा.' अप्पा, हे पक्कं नाही. काहींच्या मते हे अक्कादी भाषेतल्या एका रोपाचं नाव आहे. तेही लिहा."

"अगं, ज्या पोरानं विचारलं त्याला आधीच वर्ग हसायचा. त्याला सांगू, तू झुडूप आहेस म्हणून?"

"खरं ते सांगा."

"मुलगी आहेस की शाळातपासनीस?"

ती हसली नाही. "उद्या बघू," म्हणत कॉलेजात शिकवायला निघून गेली.

रविवारी अप्पा झोपेतून उठलेच नाहीत.

चौदाव्या दिवशी सुभाष रोडवरच्या छापखान्यातून प्रभंजनचा फोन आला. "अक्का, सगळं जुळवून झालं. 'ह' तेवढा अडकलाय."

तिनं चार कोश उघडले. एकात मिठी, दुसऱ्यात रोप, तिसऱ्यात दोन्हींपुढे 'बहुधा'. चौथ्यानं तर पहिल्याच कोशाचा हवाला देऊन परत पाठवलं. तिनं तो दाणकन मिटला.

"एका नावासाठी पुस्तक अडवतेस?" धाकटा भाऊ सुमंत दारातून म्हणाला. "दोन्ही टाक की, अक्का."

"तेच तर म्हणत होते मी!" ती इतकी जोरात ओरडली, की तो आत निघून गेला.

अप्पांच्या ओळीखाली तिनं लिहिलं: 'किंवा एका रोपाचं नाव. मूळ अनिश्चित.' मग लाल पेन उघडलं आणि थांबली. लिहिलं तिनं होतं. खूण दुसऱ्यानं करायची होती.

तिनं कार्ड मोठ्यानं वाचलं, पेनासकट अप्पांच्या रिकाम्या खुर्चीसमोर धरलं. हात दुखेपर्यंत तसंच धरून ठेवलं.

"अप्पा," ती म्हणाली, "मला त्या रोपाचं काही पडलेलं नव्हतं. तुमच्यापेक्षा मला जास्त कळतं, हे एकदा, फक्त एकदा, तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."