सहासष्ट फुटांची तार

चंद्रकुमारने बांबू तिसऱ्यांदा खाली घेतला आणि तिथेच, मेथीच्या वाफ्याच्या कडेला, बसकण मारली. सकाळचे साडेसहाही वाजले नव्हते आणि माणूस दिवसभर राबल्यासारखा दमला होता. तार लागते सहासष्ट फूट. साकोलीच्या या नव्या घराची परसबाग तीस फूट, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजली तर पस्तीस. एवढं साधं गणित बावीस दिवसांत सुटत नसेल तर माणसाने थकू नये तर काय करावं?

वरठीच्या कारखान्यात तो छत्तीस वर्षं इलेक्ट्रिशियन होता. तिथल्या क्वार्टरमागे जागाच जागा. कडुलिंबापासून पाण्याच्या टाकीपर्यंत तार सरळ ताणली की हौशी रेडिओचा त्याचा सेट सुरू. निवृत्तीनंतर क्वार्टर सुटलं आणि लीलाबाईने हे घर पसंत केलं, कारण बसस्टँड जवळ, दवाखाना जवळ. अँटेनाची तार कुठून कुठे जाईल, हे बघून कोणी घर घेतं का? त्यानेही बघितलं नव्हतं, म्हणून आता बायकोवर चिडायचीही सोय नव्हती.

आणि तिकडे चिखल्याला भैय्यालाल होता. खाणीत नोकरी करून निवृत्त झालेला, चंद्रकुमारच्याच वयाचा. एकोणीस वर्षं दोघे रोज सकाळी सातला रेडिओवर बोलत आले होते. दोन वर्षांमागे भैय्यालालला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात तेवढा राहिला, आणि त्या हाताने मोर्सची चावी दाबून तो टिंब-रेघांतून बोलू लागला. इंग्रजी अक्षरं, पण भाषा आपलीच. मोबाइलवरची बारकी अक्षरं त्याला दिसत नसत. भेटायला गेलं तर तो नुसता रडे, मग चंद्रकुमारलाही काही सुचत नसे. पण चावीवर हात पडला की तोच जुना भैय्यालाल, शिव्या घालणारा, खाणीतले किस्से रंगवणारा. आता त्याला बोलायची तेवढी एकच जागा होती, आणि ते बोलणं समजणारा माणूसही एकच.

म्हणून ही सगळी मरमर. आधी तार कुंपणाच्या भिंतीवरून फिरवली, तर तार तपासायच्या हातातल्या मीटरचा काटा लाल पट्ट्यात जाऊन बसला, म्हणजे या तारेवर पाठवलं तर सेट जळणार. मग मधोमध बांबू रोवून दोन्ही टोकं उतरती बांधली, तर नागझिऱ्याच्या जंगलाकडून आलेल्या वानरांनी तिचा झोका केला. आता शेवटचा उपाय चालू होता. पीव्हीसी पाइपाच्या दोन तुकड्यांवर तार गुंडाळून कॉइल करायच्या, म्हणजे लांब तारेचं काम आखूड तार करते. वेढे वाढव, वेढे कमी कर, यातच चार दिवस गेले होते.

भैय्यालालच्या बायकोला, सत्यभामाला, त्याने पहिल्याच दिवशी फोन केला होता. "वहिनी, तार बांधून राहिलो. दोन-चार दिवस लागतीन, सांगजा त्याले." त्यानंतर फोन केलाच नाही. कोणत्या तोंडाने करणार?

लीलाबाई चहा घेऊन आली. "अजी, एक इचारू का? त्या डब्ब्यातून नुसतं ऐकाले बी एवढीच तार लागते का?"

"नाही वो. ऐकाले तर कोणतीबी..." तो बोलता बोलता थांबला. चहाची कपबशी तशीच हातात राहिली.

ऐकायला कोणतीही तार चालते. चुकीच्या तारेवर पाठवायला गेलं तर सेट जळतो, ऐकताना काहीसुद्धा जळत नाही. हे त्याने किती नवशिक्यांना शिकवलं असेल! पण कारखान्याची सवय हाडात मुरलेली. जोडणी पुरी झाल्याशिवाय स्विचला हात लावायचा नाही. म्हणून सेट बावीस दिवस खोक्यात, वर दोरी बांधून. स्वतःला चार शिव्या घालाव्यात एवढंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

त्याने दोरी कापली, सेट खिडकीत ठेवला आणि कपडे वाळत घालायच्या तारेला चिमटा लावला. तारेवर वाळणारं लुगडं काढायलाही थांबला नाही. बरोबर सातला आवाज आला. डाव्या हाताचा, अडखळता, ओळखीचा. भैय्यालाल हाक मारत नव्हता. तो सरळ सांगत होता.

"चंदू, बाविसावा दिवस. तार नाही झाली वाटते. काही हरकत नाही. तू ऐकून राहिला, मले मालूम आहे. मंगळवारी सांगतलं ते सत्यभामाले सांगू नको. दोन वर्षं पोटात होतं. तुले सांगून हलकं वाटलं. थकलो आता. उद्या."

आवाज बंद झाला. चंद्रकुमारला स्वतःची अशी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. भैय्यालालचं तरी काय चुकलं? रेडिओवाला माणूस सेट असताना ऐकणार नाही, हे त्याच्या मनातही आलं नसेल. सत्यभामाला विचारावं तर तिला मोर्समधलं ओ की ठो कळत नव्हतं.

दिवसभर तो जेवला नाही. संध्याकाळी एका कॉइलचे तीन वेढे कमी केले आणि मीटरचा काटा मुकाट्याने खाली आला. बावीस दिवस ज्याची वाट पाहिली ते झालं, पण त्याला काडीचाही आनंद झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सातला त्याने हाक दिली. पलीकडून लगेच उत्तर आलं.

"झाली का बे तार! किती दिवस लावले!" मग हळूहळू, एकेक अक्षर, "मंगळवारचं सारं ऐकलं ना?"

रेडिओवर पुन्हा सांग म्हणण्यात कसलाच कमीपणा नसतो. एकोणीस वर्षांत दोघांनी एकमेकांना हजार वेळा तसं म्हटलं असेल. आताही तेवढंच म्हणायचं होतं. पण मग एकवीस सकाळी इकडे कोणीच नव्हतं, हेही सांगावं लागणार होतं.

"ऐकलं," त्याने पाठवलं.

"बरं झालं. दुसऱ्यांदा नसतं सांगता आलं मले."

लीलाबाई दारात उभी होती. "काय म्हणतेत भाऊजी?"

चंद्रकुमारने कानावरचे हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"मले त्याचं सारं मालूम आहे, म्हणते."