काळा हिंगूळ

अर्धं ज्ञान वाईट, असं म्हणतात ते खोटं नाही. पण सगळं ठाऊक असून अर्धंच सांगणारा माणूस त्याहून वाईट. म्हसावदचा ललित तसा भला माणूस. शहाद्याच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचा, रोज मोटारसायकलवर जायचा-यायचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. नाद एकच, दगडांचा. कुणाच्या शेतात विहीर खोदायला लागले की हा जेवणाचं ताट सोडून तिथे हजर. त्याची आई शोभाबाई कपाळावर हात मारून घ्यायची. "लोकेस्ना पोऱ्या सोनं आनतस," म्हणायची, "मन्हा धोंडा आनस."

त्या नादापायीच काळा हिंगूळ घरात आला. एका विहिरीतून निघालेला हिरव्या स्फटिकांचा सुरेख तुकडा ललितने परदेशातल्या एका दगडवेड्याला पाठवला होता. बदल्यात टपालाने पेरूएवढा एक काळा खडा आला. लाल हिंगूळ जगात पुष्कळ ठिकाणी मिळतो. हाही तोच पारा आणि तोच गंधक, पण घडण वेगळी, म्हणून रंग काळा. आणि मिळतो कुठे? गरम पाण्याच्या झऱ्यांजवळ, खडकांच्या भेगांत, तोही चिमूटभर. तापीकाठच्या आपल्या काळ्या खडकात तर सात जन्म खोदलं तरी हाती लागायचा नाही. ललितला काय, आभाळ ठेंगणं झालं. त्याने तो आईच्या तळहातावर ठेवला.

"आवं माय! कितला जड शे हाऊ!" शोभाबाईचा हात खाली गेला.

"पारा शे त्याच्यात."

"गहूच्या कोठीत गोया टाकतस, तोच पारा?"

"तोच."

शोभाबाईला मग पुढचं सांगायची गरज उरली नाही. पाऱ्याच्या गोळ्या कोठीत टाकल्या की वर्षभर गव्हाला किडा लागत नाही, हे तिने चाळीस वर्षं पाहिलेलं. जो गहू राखतो तो माणूस का राखणार नाही? तरी बाई सावध होती. तिने विचारलं, "विष तं नई ना रे भाऊ?"

इथे ललित हसला. शिकलेल्यांचं ते एक हसणं असतं, समोरच्याच्या अडाणीपणाचं कौतुक केल्यासारखं. "खाई लिधा तरी काही व्हवाव नई, माय. जशाना तसा बाहेर यी."

थंड खड्यापुरतं ते जवळजवळ खरंही होतं. पण दरवर्षी जुलैत हाच ललित वर्गातल्या पोरांना हिंगुळाची भुकटी काचेच्या नळीत तापवून दाखवायचा. नळीच्या थंड भागावर पाऱ्याचे बारीक चकचकीत थेंब धरले की पोरं "ओऽऽ" करायची, आणि हा खिडक्या उघडून म्हणायचा, वाफ नाकात जाऊ देऊ नका रे. पंधरा वर्षं हे पोरांना सांगितलं. आईला सांगायचं राहून गेलं. खडा देवघरात गेला, शेंदराच्या डबीशेजारी.

दोन महिन्यांनी त्याची धाकटी बहीण ममता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिचं सासर धानोऱ्याला, नवरा धीरज, गरीब स्वभावाचा. मुलगा झाला, चांगला गुटगुटीत, रडायला लागला की गल्ली जागी व्हायची. शोभाबाईने मागची खोली शेणाने सारवून घेतली, खिडकीला गोधडी ठोकली, दाराला पडदा लावला. जानेवारीची थंडी, बाळंतिणीला वारा लागायला नको. सकाळ-संध्याकाळ खाटेखाली शेगडी, निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशोपा, लसणाची सालं. आणि सव्वा महिना पुरुषमाणसाने त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. तशी रीतच होती.

बाराव्या दिवशी पोर किरकिरायला लागलं. बारसं होऊन बायका परतल्या होत्या, म्हणजे नजर लागली हे उघड होतं. शोभाबाईने मीठ-मोहऱ्या ओवाळून शेगडीत टाकल्या, सुकी मिरची टाकली. मिरचीचा ठसका कुणाला लागला नाही. ठसका लागत नाही म्हणजे नजर जबर, हे काय तिला कुणी शिकवायला हवं होतं? तिने देवघरातला तो खडा काढला, विळ्याने खरवडला. मऊच होता, काळी भुकटी पडली. चिमूटभर निखाऱ्यावर सोडली. निळसर धूर झाला, उग्र वास सुटला, आणि शोभाबाईला वाटलं, हं, आता जळतेय.

ललित ओसरीत पेपर तपासत बसला होता. वास त्याच्याही नाकात गेला. "कसाना वास शे वं माय? गंधकनागत?"

"नजर जळी ऱ्हायनी, भाऊ. तू तुन्हं काम कर."

आणि तो पठ्ठ्या मान डोलावून पुन्हा पेपरांत बुडाला. गंधकाचा वास ओळखणारं नाक देवाने दिलं होतं, पण उठून पडद्यापर्यंत जायची चार पावलं काही त्याच्याने टाकवली नाहीत.

आठ दिवस रोज दोन वेळा चिमूट पडत राहिली. पोराला खोकला झाला. डॉक्टरने सर्दीचं औषध दिलं. ममताच्या हिरड्या सुजल्या, हात कापायला लागले. बाळंतपणाचा अशक्तपणा, असं सगळ्या म्हणाल्या. पोर जास्त खोकलं की शोभाबाई शेगडी आणखी जवळ सरकवायची.

विसाव्या दिवशी सकाळी पडद्यातून ममताचा हात बाहेर आला. हातात तिचं डोरलं होतं. "दादा, हाई देख ना. सोनारनी फसाडं माले. सोनं पांढरं पडी गयं."

ललित घाईत होता, नऊचा तास होता. पाहतो म्हणाला, खिशात टाकलं आणि गेला. संध्याकाळी मीटिंग निघाली, म्हणून सोनाराकडे जायचं दुसऱ्या दिवसावर गेलं. दुसऱ्या दिवशी सोनाराने डोरलं भिंगाखाली धरलं, नखाने घासलं. "सर, माल शंभर टक्के चोख आहे," तो म्हणाला. "याला पारा चढलाय. घरात पारा तापवता की काय?"

वास, काळा खडा, खोकला, आईचं ते "जळी ऱ्हायनी", सगळं एका दमात ललितच्या डोक्यात आलं. मोटारसायकल कशी चालवली त्याचं त्याला कळलं नाही. सव्वा महिन्याची रीत पायाखाली तुडवून तो पडद्याआड शिरला, खिडकीची गोधडी ओढून फेकली, शेगडी उचलून अंगणात नेऊन पाण्यात विझवली. शोभाबाई ओरडत होती, येडा झाला का म्हणून. पोराचे ओठ जांभळे पडले होते.

नंदुरबारच्या दवाखान्यात ललितने डॉक्टरांना बाजूला नेऊन सगळं सांगितलं, न लपवता. घरच्यांना मात्र सांगवलं नाही. डॉक्टर भले होते, रागावले नाहीत. फुप्फुसं भाजल्यासारखी झालीत म्हणाले. दोन दिवस पोर यंत्रावर होतं. तिसऱ्या दिवशी पहाटे गेलं. धीरज त्याला धानोऱ्याला घेऊन गेला, शेताच्या कडेला पुरलं. ममता आणखी दहा दिवस दवाखान्यात राहिली. ती वाचली.

ममता घरी परतली त्या संध्याकाळी ललितने मागच्या खोलीला कुलूप लावलं आणि तिची खाट पुढच्या खोलीत टाकली. खडा त्याने कधीच बरणीत घट्ट बंद करून कॉलेजात नेला होता. शोभाबाई चुलीपुढे बसली होती. देवघरातली रिकामी जागा तिने पाहिली असावी.

"तो दगड कठे शे, भाऊ?"

ललितने मागच्या खोलीची किल्ली खिशात टाकली.

"मीच कंजूषी करी," ती म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते, रडून रडून संपलेले. "तुन्हा महागामोलाना दगड, सरी जाई म्हनीसन चिमटी-चिमटीच टाकं. मूठभर टाकतू तं वाची जातं ना लेकरू."

काळजाला घरं पडणं म्हणजे काय, ते ललितला तेव्हा कळलं. गप्प बसला असता तर आई मरेपर्यंत त्या न टाकलेल्या मुठीसाठी झुरली असती. बोलला तर टाकलेल्या चिमटीसाठी. आणि उद्या कुणा शेजारणीचं पोर खोकलं, तर ही बाई तोच दगड शोधत फिरली असती.

"माय," तो म्हणाला, "दगडनीच मारं त्याले. आगमा टाकं का विष व्हस. तू माले इचारं व्हतं. मी अर्धंच सांगं. चूक मन्ही शे."

शोभाबाईने त्याच्याकडे पाहिलं.

"सांगं तू," ती म्हणाली. "पन आगमा टाकं ते मन्हा हातनी."

"माय..."

"ममताले सांगू नको." आवाज एकदम करडा झाला. "लेकरू गयं तिन्हं. आते माय बी जाई का तिन्ही?"

पुढच्या खोलीतून ममताची हाक आली. आवाज अजून कापत होता. "माय, थंडी वाजी ऱ्हायनी वं. शेगडी लाव ना."

"उनू वं," शोभाबाई म्हणाली. तिने नवी शेगडी पुढे ओढली, कोळसे भरले. दोन काड्या तिच्या हातात मोडल्या. ललितने काडेपेटीला हात घातला, तो तिने झिडकारला. तिसरी काडी पेटली. कोळसे लाल झाल्यावर तिने मुठीतला ओवा नाकाशी धरून हुंगला, पुन्हा हुंगला, आणि न टाकता तसाच डब्यात परत ठेवला. नुसती शेगडी घेऊन ती आत गेली आणि आधी खिडकी उघडली.

"वारा लागी ना वं माय," ममता म्हणाली. "बंद कर ना."

"लागू दे," शोभाबाई म्हणाली, आणि खिडकीला पाठ लावून, लेकीच्या आणि वाऱ्याच्या मधे बसून राहिली.