मोरीवरची जाळी

आमच्या गावच्या वरच्या आळीइतकी स्वच्छ माणसं तुम्हाला शोधून सापडायची नाहीत. आभाळ भरून आलं रे आलं, की घराघरातून झाडू बाहेर. अंगण, गोठा, दुकान, सगळं झाडून गटारीत. पाऊस म्हणजे फुकटचा गडी, नेतो वाहून. कुठं नेतो, ते विचारायचं नाही. रस्त्याखालच्या मोरीतून थेट आमच्या खालच्या आळीला, ओढ्यात.

ओढ्यावर माझी थोरली जाऊ बदकं पाळते. दीर गेल्यापासून अंड्यांवरच तिचं घर चालतं. मागच्या पावसात वरच्या आळीतल्या गॅरेजवाल्याचं काळं तेल आलं आणि निम्मी बदकं पंख चिकटून मेली. जाऊ तडक उठली. गेली गावच्या पुढाऱ्याकडं. पुढारी फार कनवाळू. चहा पाजला, हळहळले आणि म्हणाले, वाहत्या पाण्याला कोण काय करणार, तू बदकं घरात बांधून ठेव. अकलेचे तारे तोडावेत तर ह्यांनीच.

जाऊ घरी आली. मोडक्या लोखंडी खाटेची जाळी तिनं ओढत नेली आणि मोरीच्या वरच्या तोंडाला तारेनं आवळली. तेल अडावं म्हणून आतून पेंढ्या बांधल्या. मी धरायला होते. गॅरेजवाला जाता जाता म्हणालाच, खाट घातलीत वहिनी, आता गादीही घाला.

पाऊस आला. ठरल्यासारखे झाडूही आले. पिशव्या, बाटल्या, शेण, सगळा लवाजमा जाळीला जाऊन थटला. रस्ता उंच, मोरी बंद, पाणी जाणार कुठं? आल्या वाटेनं माघारी फिरलं. सगळ्यात सखल गॅरेज, म्हणून पहिला मान त्याचा. मागच्या खोलीत त्याचा संसार. अंथरुणाभोवती त्याचंच तेल तरंगायला लागलं.

तो धावत आला, मागून छत्री सावरत पुढारी आणि अख्खी आळी.

"जाळी काढा वहिनी, घरात घाण शिरली."

"तुमचीच आहे. घरी परत आली तर एवढं काय बिचकता?"

पुढाऱ्यांनी कायदा सांगून पाहिला. जाऊ म्हणाली, जाळी राहील, कचरा तुम्ही काढा. मग कचऱ्याला मालकच मिळेना. दुकानदार म्हणे, पुड्या मी विकल्या, आता त्या माझ्या कशा? पाणी मात्र वाद ऐकायला थांबलं नव्हतं. शेवटी गॅरेजवाल्यानं हात घातला, मग एकेक करत सगळे वाकले. रस्त्यावर हा ढीग लागला.

मोरी मोकळी झाली. ओढ्यात पडणारं पाणी मातकट होतं, पण तेलाचा तवंग पेंढ्यांनी धरला होता. जाऊनं वाकून वाकून पाहिलं आणि मग ती ढसाढसा रडली. मीही रडले, लाजायचं काय त्यात.

गॅरेजवाल्याचे हात कोपरापर्यंत काळे. धुवायला तो ओढ्यात उतरू लागला, तशी जाऊ डोळे पुसून आडवी आली.

"इथं नाही. घरी जाऊन धुवा."

"घरात अजून घोटाभर पाणी आहे, वहिनी."

"मग सोयच झाली की, भावजी."