पिंजऱ्यातल्या बाळंतिणी

टोपात उकळणारी अंडी एकमेकांवर टकटक आपटली, तशी वर्षालीने आलेखावरून मान वर केली. वेंगुर्ल्यातल्या त्या खोलीत रविवारची दुपार निवांत होती. पाच वर्षांची रिया चटईवर पेंगत होती. चुलीपाशी हौसाबाई उभी. आठवडाभर ती फार्मसी कॉलेजात उंदरांचे पिंजरे झाडायची आणि सुट्टीला रियाला सांभाळायची. तेवढ्यात वर्षालीच्या प्रबंधाच्या चार ओळी लिहून व्हायच्या.

पण लिहायचं काय? उंदरांना अंड्यातल्या पांढऱ्याची ॲलर्जी लावायची, मग त्याचाच फवारा हुंगवायचा, की श्वासनळ्या आवळतात. पेशीच्या आत हा आवळण्याचा निरोप पोचवणारं एक प्रथिन असतं. ते औषधाने अडवलं तर उंदीर मोकळा श्वास घेतील, असा तिचा अंदाज. तीन वर्षं त्यात गेली. आणि आता औषध घेतलेले मोकळे, न घेतलेलेही मोकळे. दम म्हणून कोणाला लागेना. फरकच दिसत नसेल तर उद्यापासून काम बंद, असं तिच्या मार्गदर्शक सरांनी सांगून टाकलं होतं.

हौसाबाईने अंडी सोलली, बलक रियाच्या वाटीत काढले आणि पांढरं फडक्यात बांधलं.

"तां खंय नेतंस?"

"बाळंतिणींक."

"खंयच्या?"

"तुझ्याच पिंजऱ्यातल्या," हौसाबाई फणकारली. "धा-धा पोरां लुचतत, आणि कॉलेज घालता काय, तर सुके गोळे. तुझ्या बाळंतपणात तुका गावठी कोंबडेचो रस्सो कोणी घातलो, तां विसारलंस?"

वर्षालीच्या हातातलं पेन तसंच राहिलं. "कधीपासून देतंस?"

"वरस झाला. सायबांक सांगू नको हां."

"आणि पिल्लां पण खातत?"

"आवशीच्या ताटातला पोर खाताच."

वर्षाली हसायला लागली, ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हौसाबाई घाबरली. "काय चुकला काय गो माझा?"

"चुकला. पण सांगितलंस, तां बरा केलंस."

हीच पिल्लं मोठी होऊन तिच्या प्रयोगात यायची. जन्मल्यापासून अंडं खाल्लेल्या पिल्लांच्या शरीराला अंडं घरचंच वाटणार. त्याच्याशी ते भांडेल कशाला? मग निरोप तरी कसला आणि अडवायचं तरी काय? तिचा अंदाज खोटा ठरला नव्हता. तो अजून तपासलाच गेला नव्हता.

तिने सरांना स्पीकरवर फोन लावला. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे आपल्या उंदरांची साग्रसंगीत बाळंतपणं झाली तर. नवी जोडपी आणा, अंडं बंद. सहा महिने देतो. आणि बाईंना रागावू नका."

हौसाबाईने तोंडावर पदर घेतला. वर्षालीला वाटलं, छातीवरचा धोंडा कोणी अलगद उचलून नेला.

रिया कधीच उठून बसली होती. बोटं पिवळी झाली होती.

"आई, मगे आता उंदरांक दम लागतलो?"

"लागतलो गो बाय," वर्षालीने तिला मांडीवर ओढलं.

रियाने एक पिवळं बोट चाटलं.

"ते बरे आसत ना? मग तू त्येंका आजारी कित्याक करतंस?"